खालच्या फळीवरची माणसं

इंदूरला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ते मध्यभारतात होतं. हे सांगितलं की माझी नातवंडं एकमेकांकडे बघून हसतात. त्यांना वाटतं, आजोबांचा भूगोल बिघडला. पण मध्यभारत नावाचं राज्य खरोखरच होतं. त्याला राजप्रमुख होता आणि राजधान्या एक सोडून दोन होत्या, थंडीत ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. सरकार आपली दप्तरं पेट्यांत भरून माहेरी निघालेल्या लेकीसारखं या गावाहून त्या गावाला जायचं. पुढे ते राज्य मोठ्या राज्यात मिसळलं आणि त्याचं नाव गेलं. इंदूर आहे तिथेच आहे, पण मी पाहिलेलं इंदूर आता कुणाला दाखवता येत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मी तेव्हा नगर जिल्ह्यातल्या एका लहान गावच्या नगरपालिकेत जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवणारा कारकून होतो. लोक रजा काढून काशी-रामेश्वर करतात. मी रजा काढून दुसऱ्या गावची जन्ममृत्यूची कचेरी बघायला गेलो, अशी माझी थट्टा घरात अजून होते. खरं कारण माझी थोरली बहीण. लग्न होऊन ती इंदूरला गेली होती आणि तिचं पत्र आलं होतं.

ताईची पहिली मुलगी बारसं व्हायच्या आतच गेली होती. तिच्या जन्माची आणि मृत्यूची अशा दोन्ही नोंदी तिथल्या कचेरीत झाल्या होत्या. पण सहा वर्षांनी, मी गेलो त्याच सालच्या पावसाळ्यात, खान नदीचं पाणी कचेरीत शिरलं. मृत्यूची रजिस्टरं भिजून गेली आणि जन्माची वाचली. पुढे शाळेत घालायच्या वयाच्या मुलांची यादी जन्माच्या रजिस्टरावरून निघाली, आणि एक मास्तर ती यादी घेऊन ताईच्या दारात उभे राहिले. मुलीला शाळेत का घातलं नाही, असं त्यांनी विचारलं. ताईने सांगितल्यावर ते बिचारे ओशाळून गेले. थोड्या दिवसांनी त्यांच्या जागी दुसरे मास्तर आले आणि त्यांनीही तेच विचारलं. ताईने लिहिलं होतं, "कागदावर माझी मुलगी जिवंत आहे मधू, आणि लोक तिला न्यायला येतात. हे मला सहन होत नाही. तू याच कामातला आहेस. ये आणि तिची नोंद पुन्हा करून दे."

मी ताबडतोब रजेचा अर्ज टाकला.

काळाकुंडचा घाट

खांडव्याला मोठी गाडी सोडून छोट्या गाडीत बसलो. त्या गाडीला घाई म्हणून नव्हती. रुळांच्या कडेने चालणारा एक म्हातारा आणि आमची गाडी यांची बराच वेळ शर्यत चालली होती आणि म्हातारा हरला असं मला खात्रीने सांगता येणार नाही. काळाकुंड नावाच्या स्टेशनावर गाडी घाट चढायच्या आधी दम खाते. तिथे पळसाच्या पानावर कलाकंद विकायला येतो. दाणेदार, जरा ओलसर, धुराचा किंचित वास असलेला. आमच्याकडे पेढा हा देवापुढे ठेवायचा पदार्थ. इथे डब्यातला झाडून सगळा उतारू, पोलीस हवालदारापासून साधूपर्यंत, पान चाटत होता. मीही चाटलं. दुसरं पान घेईपर्यंत गाडी हलली आणि विकणाऱ्याने धावत धावत ते खिडकीतून माझ्या मांडीवर टाकलं. तुपकट डाग धोतरावरून शेवटपर्यंत गेला नाही.

घाट चढताना डावी-उजवीकडून पाणी कोसळत होतं. पाऊस सरला होता पण डोंगर अजून गळत होते. पाताळपाणीचा धबधबा दिसला तेव्हा डब्यातल्या बायकांनी हात जोडले आणि मुलांनी आरोळी ठोकली. घाट संपला आणि एकदम सपाट काळं रान लागलं, वर मोठं आभाळ. माळव्याची हवा म्हणतात ती तिथे पहिल्यांदा अंगाला लागली. ऊन असूनही घाम येत नव्हता.

ताईचं बिऱ्हाड

स्टेशनावर दाजी आले होते. दाजी म्हणजे ताईचे यजमान, वसंतराव सोमण. आजोबा रत्नागिरीहून होळकरांच्या नोकरीला आले, वडील मास्तर झाले आणि दाजी कापडगिरणीत कारकून. मराठी घराण्यातली तिसरी पिढी, पण बोलायला लागले की मला निम्मं समजायचं आणि निम्मं अंदाजाने घ्यावं लागायचं.

"आओ भिया, आओ! बिस्तरा इकडे दे. तांगेवाल्याला मी पहिलेच बोलून ठेवलंय, नाहीतर साले फालतूमध्ये दिमाग खातात."

ताई दारात उभी होती. मी वाकलो तर तिने मला मध्येच धरलं आणि रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "चल, हातपाय धू. पोहे तयार आहेत. जलेबी गरम आहे तोवर खाऊन घे, बाकी बातें नंतर."

पोह्यांबरोबर जिलबी! आमच्याकडे जिलबी लग्नात किंवा पंधरा ऑगस्टला. इथे सकाळी दात घासले की जिलबी. पोह्यांवर बडीशेप, वर मूठभर शेव, बाजूला जिलबी, आणि या सगळ्याला ते नुसतं "नाश्ता" म्हणतात. शेवेशिवाय त्या गावात काही घडत नाही. भाजीवर शेव, वरणावर शेव, आणि दाजी तर दुपारच्या ताकातसुद्धा शेव टाकत. मी ताईला म्हणालो, "तू कोथिंबिरीला धनिया आणि पलंगाला खटिया कधीपासून म्हणायला लागलीस?" ती म्हणाली, "जब से इथे आले तेव्हापासून," आणि आपली आपणच हसली.

खाणं झाल्यावर ती मला वर गच्चीत घेऊन गेली. तिथे तीन-चार खाटा मांडल्या होत्या. त्यांच्यावर जुनी सुती लुगडी ताणून बांधली होती आणि लुगड्यांवर कागद पसरले होते. फुगलेले, वाकडे झालेले, जांभळट डागांचे कागद. मी याच धंद्यातला असल्यामुळे लांबूनच ओळखलं, ही रजिस्टराची पानं होती.

ताईने सांगितलं, पुरानंतर कचेरीतल्या माणसांनी भिजलेली रजिस्टरं चुलीपाशी ठेवून वाळवायला घेतली, तेव्हा पानं एकमेकांना चिकटायला लागली. मग मोहल्ल्यातल्या बायका पुढे झाल्या. कुरडया आणि पापड वाळवणाऱ्या बायकांना ओलं काहीतरी न फाटता कसं सोडवायचं हे शिकवावं लागत नाही. एकेक पान उचललं, लुगड्यावर घातलं, वरून दुसरं लुगडं घातलं, कावळ्यांना हाकललं. प्रत्येक घराच्या गच्चीवर थोडी थोडी पानं वाटून दिली. ताईनेही आपल्या वाटणीची आणली होती.

"वाचता येतंय का काही?" मी विचारलं.

"शाई सगळी वाहून गेली रे. पाण्यात गोळी विरघळवून केलेली शाई, ती काय टिकते. कुठे कुठे एखादा शब्द दिसतो."

मी वाकून बघितलं. कारणाच्या रकान्यात एका ठिकाणी 'ताप' उरलं होतं. एका पानाच्या कोपऱ्यात 'म्हातारपण'. बाकी नुसता जांभळा धूर. ताई खाटेच्या कडेवर बसली आणि एक पान सरळ करत म्हणाली, "माझी यातल्याच एखाद्या पानावर असेल. कुठलं ते कळत नाही, म्हणून मी सगळीच नीट वाळवली."

मी नोकरीत शेकडो मृत्यू लिहिले होते, अगदी वळणदार अक्षरात, आणि जेवायला घरी गेलो होतो. त्या गच्चीवर मला पहिल्यांदा त्या कामाची भीती वाटली.

कचेरी

कचेरीचं नाव किंवा गल्ली मी सांगणार नाही. तिथल्या माणसांनी मला आपल्यातला मानून चहा पाजला आहे.

तिथले प्रमुख फडणीससाहेब. होळकरशाहीत नोकरीला लागलेले, राज्य गेलं, दुसरं आलं, तरी काळी टोपी, उपरणं आणि वाकून नमस्कार तसाच. मी ओळख सांगितली तशी त्यांनी आपली खुर्ची सोडून मला बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसले. "बिराजा, बिराजा साहेब. तुमच्यासारखे जाणकार आले, आमचं नशीब. हमारी तो कमर टूट गई."

भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. माझ्या गुडघ्याच्या जरा वर. कपाटाच्या वरच्या फळ्या कोरड्या ठणठणीत आणि सगळ्यात खालची फळी फुगून वाकलेली.

मी विचारलं, "मृत्यूचीच रजिस्टरं नेमकी खाली कशी?"

फडणीससाहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी देवळात चपला घालून शिरलो. "अहो, मग कुठे ठेवणार? जन्माच्या डोक्यावर मृत्यू ठेवायचा? लोकांची लेकरं आहेत त्यात! मी इथे आलो तेव्हा कोण्या शहाण्याने दोन्ही एका फळीवर ठेवलेली. मी पहिल्याच दिवशी ते सगळं खाली काढलं."

"बरं. पण दुसरी प्रत असेल ना?"

"आहे ना! दोन प्रती काढायचा नियम आहे, आम्ही नियमाबाहेर नाही."

"कुठे आहे?"

त्यांनी त्याच वाकलेल्या फळीकडे बोट दाखवलं. "तिथेच होती, जोडीला. दोन्ही एका जागी असल्या की ताडून बघायला सोयीचं जातं."

मला हसू आलं आणि ते मी दाबलं, कारण आमच्याकडची गोष्ट काही फार वेगळी नव्हती. आमची दुसरी प्रत मामलेदार कचेरीत जायची हे खरं, पण त्यात आमचं शहाणपण काही नव्हतं. आमचं कपाटच लहान होतं. आमच्याकडे शत्रू वाळवी, यांच्याकडे नदी. कागदाला सगळीकडे कुणी ना कुणी टपलेलं असतं, आणि जन्ममृत्यूच्या दप्तराला कुणी राखण ठेवत नाही, कारण त्यात चोरण्यासारखं काही नसतं.

फडणीससाहेबांनी नवीन रजिस्टर सुरू केलं होतं. मोहल्ल्यामोहल्ल्यात दवंडी पिटवली होती, की ज्यांच्या घरातलं माणूस भिजलेल्या रजिस्टरांच्या वर्षांत गेलं असेल त्यांनी दोन साक्षीदार घेऊन यावं आणि पुन्हा सांगावं. प्रत्येक मोहल्ल्याची पाळी ठरलेली. ताईच्या मोहल्ल्याची अजून यायची होती. मी हाताखाली लिहायला बसू का विचारलं तर साहेबांना हवंच होतं.

आलेल्या माणसाला फडणीससाहेब आधी पाणी द्यायचे, मग विचारायचे. कुणालाच साल आठवत नसे. एक म्हातारा आपल्या बायकोची नोंद करायला आला आणि म्हणाला, "वो साल लिखो साब, जिस साल बड़े की बारात में बैल बिदका था." त्याच्या साक्षीदाराने लगेच सांगितलं, बैल बिथरला ते धाकट्याच्या वरातीत. दोघांचं भांडण लागलं. म्हातारा चिडून म्हणाला, "अरे, बड़े की बारात में तो वो खुद नाची थी!" आणि मग एकदम गप्प झाला. बायको कुठल्या वरातीत होती आणि कुठल्यात नव्हती, त्यावरून साल निघालं. साहेबांनी ते लिहिलं आणि त्याला आणखी एक भांडं पाणी दिलं.

मला सगळ्यात वाईट वाटलं ते न आलेल्यांचं. गिरण्यांमध्ये लांबलांबून आलेली एकटी माणसं असत, खोलीत सहा जण राहणारी. त्यांतलं कुणी गेलं तर सोबत्यांनी अग्नी दिला, नोंद केली आणि तेही पुढे दुसऱ्या गिरणीला गेले. त्यांचं पुन्हा सांगायला कोण येणार? मी हे बोलून दाखवलं तेव्हा फडणीससाहेब टाक खाली ठेवून म्हणाले, "ते आमच्या दप्तरात जिवंतच राहतील साहेब. मी काय करू?" त्यांचे डोळे भरले होते, आणि माझेही.

सियागंज आणि हातोद

नवीन रजिस्टराची नक्कल मी रोज संध्याकाळी करत होतो. ती या कपाटात ठेवायची नाही, दुसऱ्या गावाला ठेवायची, असा मी आग्रह धरला. हातोद जवळ आहे, तहसील आहे, नदीपासून लांब आहे.

फडणीससाहेबांना ते पटेना. "इंदूरची माणसं इंदूरला मेली. ती हातोदला कशाला जातील? आणि वरून हुकूम कुठाय?"

मी म्हणालो, "पाठवत नाही आहोत साहेब, ठेवायला देतो आहोत. लेकीबाळी नाही का आपले दागिने शेजारी ठेवायला देत?" दागिन्यांचं नाव काढल्यावर ते जरा वितळले.

पेटी घ्यायला आम्ही सियागंजात गेलो. त्या बाजारात चालायला जागा नाही. हातगाड्या, हमाल, मिरच्यांची पोती, लोखंडी साखळ्या, आणि मधून एक गाय सगळ्यांना ओळखत असल्यासारखी फिरते. पत्र्याच्या पेटीवाल्याने विचारलं, "भिया, पेटी किस काम की? लड़की की शादी है?" फडणीससाहेब दचकले. मेलेल्यांसाठी आहे हे त्यांच्या तोंडून बाहेर पडेना. "सरकारी," एवढंच म्हणाले, आणि बाहेर आल्यावर त्यांनी मला भुट्ट्याचा कीस खाऊ घातला. मक्याचं कणीस किसून दुधात शिजवतात, मोहरी-हिंगाची फोडणी, वर कोथिंबीर, लिंबू. आमच्याकडे कणीस म्हणजे भाजलं, मीठ चोळलं, संपलं. मी दोन द्रोण खाल्ले आणि साहेबांच्या मनातलं अशुभ तेवढ्यात निवळलं.

हातोदच्या बसच्या टपावर पेटी चढवली. बाहेर ज्वारी उभी होती, कापूस फुटायला लागला होता. साहेब माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपले. तहसिलीत पोचून कारकुनासमोर मी मोठ्या दिमाखाने पेटी उघडली, तर आत काठोकाठ शेव. लवंगेची, तिखट, पिवळीजर्द. कारकून आमच्या तोंडाकडे बघत राहिला. फडणीससाहेब मटकन खाली बसले.

तेवढ्यात एक जाडजूड दुकानदार धापा टाकत आत आला. मागून त्याचा हमाल आमची पेटी घेऊन. त्याचीही पेटी सियागंजातलीच, त्याच बसच्या टपावरची, तीच ठेवण, तोच हिरवा रंग. त्याने गिऱ्हाइकांसमोर शेव काढायला झाकण उघडलं होतं.

फडणीससाहेब हात जोडून म्हणाले, "माफ करा शेठजी, आपल्या दुकानात, सकाळच्या वेळी, हे असलं..."

"अरे बाबूजी, काय की माफी!" तो म्हणाला. "मैंने तो बैठ के पढ़ लिया. इसमें मेरे मामाजी भी हैं, नदी पार वाले. पण साल ग़लत लिखा है."

मामांचं सगळं त्याला ठाऊक होतं. त्यानेच खांदा दिला होता. आम्ही तिथल्या तिथे दुरुस्ती करून त्याची सही घेतली. हातोदला प्रत ठेवायचा उपयोग पहिल्याच दिवशी झाला, असं मी साहेबांना चिडवलं. शेठने आम्हाला घरी नेऊन दाल-बाफले वाढले. बाफला म्हणजे गोवरीवर भाजलेला कणकेचा गोळा, फोडून त्यात तूप ओततात, थेंब-थेंब नव्हे, वाटीने. मृत्यूच्या कागदांनंतर आंघोळीशिवाय जेवायचं कसं म्हणून साहेब आधी अडले, मग हातपाय धुऊन बसले आणि माझ्यापेक्षा एक बाफला जास्त खाऊन उठले.

रात्री ताईला हे सगळं सांगितलं. ती पोटभर हसली. मग तिने विचारलं, "हातोदला पाणी नाही ना येत?" मी नाही म्हटलं. "मग तिचंही तिथे नेऊन ठेव," ती म्हणाली.

मोहल्ल्याची पाळी

ताईने स्वतः कचेरीत यावं हे दाजींना पसंत नव्हतं. ते कडक नव्हते, पण त्या दिवशी सकाळपासून त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मधू, मी आणि सरजूबाई जाऊन सांगून येतो ना. दो मिनट का काम. हिला कशाला तिथे बसवायचं? मोठ्या मुश्किलीने सावरली आहे ती." सरजूबाई म्हणजे त्या मोहल्ल्याची दाई. ताईने आतून ऐकलं आणि लुगडं बदलून बाहेर आली. "मी सावरले की नाही ते मला माहीत आहे. चला," म्हणाली.

फडणीससाहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. "बाई, आपण शांत बसा. हे दोघे साक्ष देतील, आपण फक्त सही करा."

"नाही. मी सांगते."

तिने सांगितलं. नवरात्र तोंडावर आलं होतं. मुलगी दूध घेईनाशी झाली. सरजूबाईने मोहरीच्या तेलाने शेकलं. पहाटे अंग गार पडलं. ताई हे सगळं सरळ आवाजात सांगत होती. मी लिहीत होतो आणि माझी अक्षरं वाकडी येत होती. सरजूबाई मध्येच म्हणाली, "म्हारे हाथ में जनमी थी, साब, ने म्हारे हाथ में गई," आणि पदराने तोंड झाकून घेतलं.

"नाव?" साहेबांनी हळूच विचारलं.

"बारसं झालं नव्हतं," दाजी घाईने म्हणाले. "रकाना मोकळा सोडा."

साहेबांनी मला खूण केली. नाव नसेल तिथे आम्ही कारकून आडवी रेघ मारतो. मी टाक टेकवला.

"रेघ मारू नकोस मधू," ताई म्हणाली. "तिला नाव आहे."

मग फडणीससाहेब फार जपून म्हणाले, "बाई, जन्माच्या नोंदीत नाव नाही. जन्मात नाही ते मी मृत्यूत कसं लिहू?"

"मग आधी जन्मात लिहा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "आईवडिलांनी येऊन सांगितलं, सह्या केल्या, तर नाव मागाहून भरता येतं. आम्ही तर रोज भरतो."

"ते जिवंत मुलांचं."

"नियमात जिवंत असं लिहिलेलं नाही साहेब."

साहेबांनी टोपी काढून हातात धरली. मग स्वतः स्टुलावर चढून वरच्या फळीवरून त्या सालाचं जन्माचं रजिस्टर काढलं आणि धूळ झटकून टेबलावर उघडलं. 'मुलगी' असा शब्द होता आणि पुढे कोरी जागा. ती कोरडी, स्वच्छ राहिली होती.

"दोघांच्या सह्या लागतील," ते म्हणाले. "आईची आणि वडिलांची."

ताईने टाक घेतला आणि सही केली. दाजींनी केली नाही. ते त्या कोऱ्या जागेकडे बघत उभे होते. "शांते, कशाला आता?" ते ताईला म्हणाले. "नाव दिलं की मग ती आपली होईल. नाव नव्हतं म्हणूनच मी कसाबसा..." एकही हिंदी शब्द न येता त्यांच्या तोंडून इतकं बोलणं मी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ऐकलं.

ताई उठून त्यांच्याजवळ गेली. "ती आपलीच होती हो," ती म्हणाली. "तेवढंच लिहायचं आहे."

दाजींनी सही केली. शाई जरा पसरली. साहेबांनी टिपकागद लावला आणि ताईला म्हणाले, "सांगा बाई."

"मालती."

साहेबांनी ते मोत्यासारख्या अक्षरात आधी जन्मात लिहिलं. मग मी मृत्यूत लिहिलं. सरजूबाई डोळे पुसत म्हणाली, "मालती! म्हारे तो आज मालम पड़्यो." तिने अंगठा उठवला. मास्तर आता दारात येणार नव्हते.

आम्ही तिघे चालत घरी निघालो. ऊन उतरत होतं. होळकरांच्या समाध्यांवरच्या छत्र्यांपाशी नदी पुलाखालून वाहत होती, इतकी उथळ की हिनेच कचेरी बुडवली यावर विश्वास बसू नये.

मग दाजींनी विचारलं, "हे नाव तू कधी ठेवलंस?"

"ती गेली त्याच दिवशी," ताई म्हणाली. "रोज आठवण यायची. नाव नसलेल्या मुलीला हाक कशी मारू?"

दाजी पुलाच्या कठड्याला हात टेकून थांबले. मीही थांबलो.

"मालती वसंत सोमण," ते म्हणाले.

ताईने त्यांच्याकडे बघितलं. "आणखी एकदा म्हणा," ती म्हणाली.